चिमट्यात काकवी

साहेब, आश्रुबाची मान तुम्ही खाली घातलीत! नाव घेत नाही, कारण तुमची बदली होते आणि खुर्ची तिथंच राहते. पण रस्त्याच्या खात्यात त्या खुर्चीवर आज जो कुणी बसला असेल, त्यानं पंखा बंद करून नीट ऐकावं. गावात लोक म्हणतात, दोष काकवीचा. काकवीनं कुणाचं वाईट केलंय हो आजवर? दोष तुमचा!

मंडळी, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

आश्रुबा दिंद्रुडच्या शिवारातला. शिक्षण सातवी, पण आत्मविश्वास इंजिनिअरांना शिकवण्याइतका. त्याच्याकडं बापाच्या वेळची फटफटी. टाकी हंड्याएवढी, आवाज असा की परळीच्या थर्मल वीजकेंद्रातल्या माणसानं आपल्याकडंच काहीतरी फुटलं म्हणून धावत सुटावं! सगळं झकास. फक्त पुढचा चिमटा, म्हणजे चाकाला दोन्हीकडून धरणारे ते दोन नळे, तेवढा ढिला. गाडीनं वेग घेतला की हँडल असं हलायचं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आश्रुबा पीठ चाळत यायलाय!

गेल्या वर्षी बाजारच्या दिवशी त्याची बायको तुळजाबाई मागच्या शिटावरून उडाली, ती थेट कांद्याच्या ढिगावर जाऊन बसली. आश्रुबाला पत्ताच नाही! "मी काय म्हंतो, तुळजे..." करत त्यानं घरापर्यंत संसाराच्या सगळ्या अडचणी रिकाम्या शिटाला सांगितल्या. त्या दिवसापासून तुळजाबाई जीपनं, आणि आश्रुबा जीपमागं धूळ खात एकटा.

हे सगळं केजला पोचलं. केजला तुळजाबाईचा धाकटा भाऊ, विजयसिंह. जमीन गावठाणातली पांढरी, कपडे पांढरे, गाडी पांढरी, दात तेवढे पिवळे. दिवाळीला चारचौघांत तो म्हणाला, "दाजी, ती घुसळणी भंगारात घाला आता. कांद्यात बसवायला न्हाई दिली आमची बहीण तुमाला!"

आश्रुबा ताटावरून उठला. पोळी अर्धी राहिली होती, तरी उठला! "विजयसिंग, आईक! आता तुज्या दारात येईन तर ह्याच गाडीवर, ताठ मानेनं येईन, आन मागं तुजी बहीण आसंल! न्हाई तर तुजं दार मला बंद!"

आणि विजयसिंहाच्या पोरीनं, दीपमालानं, थंडीतच साखरपुडा धरला. तुळजाबाई एकुलती एक आत्या.

"मी जाणार," ती म्हणाली. "जीपनं. तुमी बसा घरी, तुमच्या शपथीला सोबत."

बायको भावाच्या दारात एकटी उतरणार आणि 'दाजी कुठंयत?' म्हणून विचारलं की सगळा मांडव हसणार! आश्रुबानं पाना उचलला.

चिमटा खोलला तर आतून काळं पाणी गळालं. तेल म्हणायलाही लाज वाटावी असलं. मेकॅनिक म्हणाला, "काका, ह्या मॉडेलचं शील, तेल आडवायचं रबर, बीडवरनं मागवावं लागतंय. दोन-तीन दिस जातेत." साखरपुडा तर उद्यावर! आश्रुबा तडक धोंडीरामाच्या गुऱ्हाळावर. धोंडीराम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्याच्या सगळ्या शोधांतला भागीदार.

"धोंड्या, तेल पातळ हाय म्हणून गाडी नाचती. घट्ट पायजे. लई घट्ट."

"कितीक घट्ट बे?"

"आसं घट्ट, की हल म्हटलं तरी त्येला हलू वाटू ने."

"मंग आमच्या सोसायटीचा चेअरमन घाल की चिमट्यात!"

बोलता बोलता धोंडीरामानं कढईतून उलथणं वर उचललं. काकवीची तार सुटली. जाड, तांबूस, घाई नसलेली. दोघांनी तारेकडं बघितलं. मग एकमेकांकडं बघितलं. जगातले सगळे मोठे शोध असेच लागले असणार. आणि सगळे अपघातही.

"बे, पर ही गोड हाय," धोंडीराम म्हणाला.

"गाडीला काय शुगर हाय का?"

दोन्ही नळे काकवीनं भरले. जुनी फाटकी शिलं वरून बोटांनी दाबून बसवली. आणि मंडळी, खोटं सांगत नाही, गाडी थांबली हो नाचायची! गावातून फेरी मारली तर हँडल असं स्थिर, जसा पगाराच्या दिवशी कारकून. तुळजाबाईनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला टाकीवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. आश्रुबा पाराला वळसा घालून आला. पाणी थरथरलं, पण थेंब सांडला नाही!

तुळजाबाईनं पेल्यात बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. "काय घातलंय आत?"

"टेक्निकल हाय. तुला न्हाई कळायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिरवं लुगडं नेसून मागच्या शिटावर बसली. अख्खं गाव बघायला! आश्रुबाची छाती अशी फुगली की पुढची दोन बटणं तटातट तुटायची बाकी होती.

आणि इथून पुढं, साहेब, तुमचा रस्ता लागला.

गतिरोधक! शाळेपुढं एक, ते ठीक. पण एक सरपंचाच्या दारात आणि एक सरपंचाला पाडणाऱ्याच्या दारात! एक जिथं कुणाचीतरी शेळी मेली तिथं. एक तर भर माळावर, जिथं काळं कुत्रं फिरकत नाही! कुठं पाटी नाही, कुठं पांढरा पट्टा नाही. चिमट्यात तेल असतं तर दबलेला चिमटा लगेच वर आला असता. काकवी कसली उठती! त्यात थंडी. दबली की म्हणती, 'बसले जरा.' ती उठायच्या आत पुढचा गतिरोधक! दरवेळी गाडी पुढून दोन बोटं खाली.

"अवं," तुळजाबाई मागून म्हणाली, "मी तुमच्या पाठीवर कावून घसरायलेय?"

"उतार हाय."

"उतार? म्होरं तर चढ दिसायलाय!"

"तुळजे, गप बस. गाडी मुरायलीय."

मग माश्या आल्या. मग दोन गांधीलमाश्या आल्या. फाटक्या शिलातून काकवी झिरपून चाकापर्यंत उतरली होती. केजच्या अलीकडच्या फाट्यावर सोमेश्वर नावाचा ऊसतोड्या रिकामी बैलगाडी घेऊन तळावर निघाला होता. त्याच्या डाव्या बैलानं नाक वर केलं. उजव्यानं केलं. आणि दोघांनी तळाची वाट सोडून धरली आश्रुबाची!

"ओ काका! तुमची गाडी थांबवा!"

"तू तुजे बैल थांबव!"

"ते आईकायले न्हाईत! काय घेऊन चाललाव तुमी?"

"तुजी आत्या!" आश्रुबा ओरडला. तुळजाबाईनं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की गाडी आणखी एक बोट बसली.

अशी ही वरात विजयसिंहाच्या गल्लीत शिरली. पुढं नाक जमिनीला टेकवत फटफटी, मागं पळत बैलगाडी, वर माश्यांची छत्री. मांडवाच्या तोंडाशी फेटा बांधून विजयसिंह उभा. आश्रुबानं मनात म्हटलं, गाडीची मान खाली तर खाली, आपली ताठ ठेवू. त्यानं छाती काढली. आणि तिथंच, मांडवापुढं, तुमचा तो शेवटचा, सगळ्यात उंच, बिनपट्ट्याचा गतिरोधक!

धाडकन चिमटा तळाला गेला. गाडीचा दिवा थेट विजयसिंहाच्या जोड्यांवर! आश्रुबा टाकीवर पालथा, दोन्ही हात पुढं, टोपी विजयसिंहाच्या पायाशी. वर तुळजाबाई.

बँड थांबला. 

विजयसिंहाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दाजी! आवो, येवढं वाकायचं आसतंय का? मी लहान. दिवाळीला चुकून शब्द गेला माजा. उठा दाजी, उठा!" त्यानं आश्रुबाला उचलून असं कवटाळलं की तो बोलायलाही मोकळा राहिला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"मी काय पाया..." आश्रुबा फेट्याच्या शेमल्यातून कसाबसा म्हणाला.

"गप ऱ्हावा," तुळजाबाई कानाशी कुजबुजली. "आयुष्यात एकदा शानपणा केलाव, तो तरी चुकून होऊ द्या."

आश्रुबानं टोपी उचलून डोक्यावर ठेवली. तेवढ्यात सोमेश्वरचे बैल पोचले. डाव्यानं पाहुण्यांच्या देखत चिमटा चाटायला सुरुवात केली. विजयसिंहानं बघितलं. वाकून बोट लावलं. वास घेतला. बोट तोंडात घातलं!

"दाजी... ही काकवी हाय?"

सगळा मांडव आश्रुबाकडं बघायला लागला. पुन्हा छाती काढून तो म्हणाला, "आता साखरपुड्याला रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मांडव असा हसला की फोटोग्राफर काढत होता तो नवरीचा फोटो हलला!

संध्याकाळी आश्रुबानं फटफटीला किक मारली आणि मागं बघितलं. शिटावर कुणी नव्हतं. तुळजाबाई सोमेश्वरच्या बैलगाडीत ऐसपैस मांडी घालून बसली होती.

"फाट्यापर्यंत ह्येच्यात येते, म्होरं जीप हायच. तुमी चला म्होरं," ती म्हणाली. "बैल तसंबी तुमच्याच मागं येणार हायत."

"आन माज्या शिटावर कवा बसणार?"

"ह्ये उंचवटे कुणीतरी मापात करू द्या. मंग बसन."

तर साहेब, आता बोला! कुणाच्या सांगण्यावरून टाकलेत एवढे गतिरोधक? पांढरा रंग कुणाच्या घराला लागला? आणि आश्रुबाची बायको त्याच्या मागं परत कधी बसणार? उत्तर पाहिजे, लेखी पाहिजे, आणि तुमच्या सहीनं पाहिजे!

आणि हो, त्याच कागदावर खाली जागा उरली, तर चिमट्यातल्या मुंग्या कशा काढायच्या, तेवढंही लिहा.