चुरीअण्णा दर रविवारी वारतात

आमच्या तळमजल्यावरचे चुरीअण्णा दर रविवारी सकाळी दहा वाजता वारतात आणि साडेअकराला उठून मासे साफ झाले का म्हणून विचारतात. गेल्या तीन वर्षांत मी त्यांना किमान दीडशे वेळा मेलेलं पाहिलंय. एकाच गिऱ्हाइकाचा इतका अनुभव स्मशानातल्या माणसालाही नसेल.

पहिल्या वेळी मात्र माझी पाचावर धारण बसली होती. मी मूळचा कराडकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळतो. बोईसरच्या या बिल्डिंगीत नुकताच राहायला आलो होतो. रविवारी जिना उतरतोय, तर तळमजल्यावर दार सताड उघडं. आत खाटेवर अण्णा आडवे, हनुवटीपर्यंत पांढरी चादर, उशाशी उदबत्ती. तेवढ्यात सातपाटीची जमनाबाई डोक्यावर माशांची पाटी घेऊन आली. तिनं आत डोकावलं आणि असा हंबरडा फोडला, की पाळी बदलल्याचा भोंगा झाला असं समजून पलीकडच्या तीन कारखान्यांतली माणसं डबे घेऊन बाहेर पडली.

"अण्णा गेलं गो बाय! द्येवमानूस गेला!"

त्यावर मयतानं डोळे न उघडता विचारलं, "जमना, पापलेट आहे का? असेल तर थांब. अजून अर्धा तास मी हयात नाही."

जमनाबाईच्या डोक्यावरून पाटी निसटली. त्यातलं एक पापलेट जिवंत होऊन जिन्याच्या दोन पायऱ्या चढलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

चुरीअण्णांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली. काम एकच. दुसऱ्यांच्या पेन्शनच्या प्रकरणांत त्रुटी काढायची. वडिलांच्या नावापुढे टिंब नाही, त्रुटी. फोटोत कान दिसत नाही, त्रुटी. असं म्हणतात, की स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी शेरा मारून छापखान्यात परत पाठवली होती आणि मुहूर्त त्यामुळे एक महिना पुढे गेला. पण निवृत्त झाले त्या संध्याकाळी नारळ-शाल घेऊन घरी आले आणि पक्ष बदलला. आता ते खिडकीच्या अलीकडे आहेत. सेवानिवृत्ती वेतनाचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ. सकाळी कुणी भेटलं की नमस्कार-चमत्कार नाही, थेट विचारणार, "हयात?" आपण "हो" म्हणालो, की बोट वर, "लेखी द्या."

"लेखी द्या" हे त्यांचं ब्रह्मास्त्र. दूधवाला म्हणाला, उद्या सुट्टी. लेखी द्या. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय. लेखी द्या. बायको जिवंत असताना ती म्हणाली होती, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. तेही म्हणे लेखी मागितलं होतं. ती चिठ्ठी देव्हाऱ्यात आहे.

जमनाबाईच्या नवऱ्याची बोटं बोटीवर दोर ओढायच्या यंत्रात गेली. चार बोटं, उजव्या हाताची. एका शिबिरात त्याला अपंगत्वाचा दाखला मिळाला, पण त्यावर लिहिलेलं, 'तात्पुरते'. वर्ष संपलं, दाखला संपला, त्यावर मिळणारी मदतही थांबली. जमनाबाई अण्णांकडे आली.

"अण्णा, बोटां गेली ती गेली. पन कागुद म्हनतंय, तात्पुरती गेली हायत."

अण्णा उठले, पायांत चपला सरकवल्या आणि तिच्या नवऱ्याला घेऊन थेट दाखला देणाऱ्या साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले. त्याचा हात टेबलावर ठेवला आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, ही बोटं किती तारखेपर्यंत उगवतील? लेखी द्या. आम्ही त्या दिवशी येतो."

दोन तासांत 'तात्पुरते' जाऊन 'कायम' आलं. तेव्हापासून जमनाबाई अण्णांना पापलेट देताना दोनदा विचार करत नाही आणि शिव्या देताना एकदाही.

तर रविवारचं मरण. अण्णांना एकच मुलगी, सुमन. वय बेचाळीस. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मूकबधिरांच्या शाळेत शिकली, समोरच्याचे ओठ वाचते. अक्षर असं, की छापखान्यानं लाजावं. बायको गेल्यावर घरात ही दोघंच. नियम असा, की अपंग आणि स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला बापामागे कुटुंब निवृत्तिवेतन जन्मभर मिळतं. पेन्शनच्या कागदावर सुमनचं नाव चढवायला अण्णांना इतकी वर्षं लागली, की तेवढ्यात समोरचे तीन साहेब स्वतः पेन्शनीत निघाले. नाव चढलं. पण अण्णा गेल्यावर अर्ज घेऊन खिडकीशी जायचं सुमनलाच.

"आणि जाधव," अण्णा मला म्हणाले, "खिडकी हातवारे वाचत नाही. मी छत्तीस वर्षं खिडकीच्या आत होतो. मला माहीत आहे, मी कुणाकडे वर बघितलं नाही ते."

म्हणून तालीम. अण्णांनी जाड पुठ्ठ्याची चौदा कार्डं केली, सुमनच्या अक्षरात. पहिलं, 'माझे वडील वारले.' दुसरं, 'मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे.' असं करत सातवं, 'अर्जाचा नमुना द्यावा.' अकरावं, 'आपले साहेब कधी भेटतील?' आणि चौदावं अर्थातच, 'मग तसं लेखी द्या.' दर रविवारी अण्णा खाटेवर वारायचे आणि मी कारकून व्हायचो.

मी सुरुवातीला चांगुलपणा केला. सुमननं पहिलं कार्ड दाखवलं, मी म्हटलं, "अरेरे, बसा ताई." लगेच प्रेत कडाडलं, "कोण कारकून असा बोलतो? खाली बघ! अजून तीन मिनिटं खाली बघ! मग म्हण, जेवणाची सुट्टी!"

"अण्णा, मेलेल्यानं बोलायचं नसतं."

"मी वारलो म्हणून नियम वारला का?"

हळूहळू मी असा तयार झालो, की एका रविवारी मी सुमनला सलग नऊ वेळा परत पाठवलं. दहाव्या वेळी तिनं चौदावं कार्ड माझ्या नाकाला टेकवलं आणि खाटेवरून टाळ्या आल्या.

अण्णांची एकच सक्त ताकीद. क्रम सोडायचा नाही. एकनंतर दोन, दोननंतर तीन. "सरकारी काम जिन्यासारखं. पायरी चुकली की दात जातात."

तालमीतली एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटायची. पहिलं कार्ड काढण्याआधी सुमन खाटेशी जायची, अण्णांच्या छातीवर तळवा ठेवायची, क्षणभर थांबायची आणि मगच माझ्याकडे वळायची. मला वाटायचं, हीसुद्धा नियमातली कुठलीतरी पोटकलमाची पायरी असणार.

सुमन सुक्या बोंबलाची चटणी करते. ती खाल्ली की माणूस दोन भाकरी जास्त खातो आणि तिसरी बांधून मागतो. मी एकदा म्हटलं, "ताईंनी ही विकायला काढली तर बोईसरमध्ये रांग लागेल." अण्णांनी धावत जाऊन दार लावलं. "हळू! एक बरणी विकली तर ती उपजीविका होईल! उपजीविका झाली की नियम गेला!" त्यामुळे सगळी बिल्डिंग ती चटणी फुकट खाते आणि नियमाला दुवा देते.

मग या हिवाळ्यात अण्णांना रंगीत तालीम घ्यायची लहर आली. खऱ्या कचेरीत. मी रजा टाकली आणि आम्ही तिघं रिक्षानं पालघरला गेलो. बेत साधा होता. सुमननं एकटीनं खिडकीशी जायचं, फक्त सातवं कार्ड दाखवायचं, कोरा नमुना घेऊन परत यायचं. अण्णा आणि मी बाहेर वड्याच्या गाडीशी थांबणार. अण्णांनी तिला हातांनी तीनदा समजावलं. ती मान हलवून आत गेली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. अण्णांनी वडा घेतला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

"नमुना द्यायला वीस मिनिटं लागतात का, अण्णा?"

"आम्ही चाळीस लावायचो," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

मग ते दचकून माझ्याकडे वळले. "जाधव, ती सातव्यापासून सुरुवात कशी करेल? मीच शिकवलंय ना, क्रम सोडायचा नाही!"

कचेरीच्या दारातून एक बाई बाहेर आल्या, खिडकीवरच्याच, चष्मा डोक्यावर. मागून सुमन, कार्डांची आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली. बाईंनी गाडीभोवतीच्या चार माणसांवर नजर फिरवली.

"वारलेले चुरी आपल्यापैकी कोण?"

अण्णांनी वडा खाली ठेवला. हात वर केला. "मी. म्हणजे, अजून नाही."

"तुमच्या मुलीनं पहिलं कार्ड दाखवलं, दुसरं दाखवलं. मी दाखला मागितला. तर त्यांनी माझंच पेन घेऊन हे लिहिलं." बाईंनी एक कागद पुढे केला.

सुमनचं वळणदार अक्षर. 'दाखला अजून नाही. बाबा बाहेर वडा खात आहेत. घाई नाही.'

मी इतक्या मोठ्यानं हसलो, की वडेवाल्याच्या कढईतलं तेल उसळलं. "क्या हुआ, चाचा?" तो विचारू लागला. अण्णा हसले नाहीत. ते त्या बाईंकडे बघत होते.

"बाकीचे कागद?" त्यांनी विचारलं. आवाज असा, जणू पोराचा निकाल विचारताहेत.

"पाहिले सगळे. मी विचारत गेले, त्या दाखवत गेल्या. एकही त्रुटी नाही." बाई थांबल्या. "फक्त तो एक दाखला कमी आहे."

"तो मी आणतो," अण्णा छत्तीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेले.

"नको, काका," बाई म्हणाल्या, "घाई नाही, असं त्यांनीच लेखी दिलंय."

बाई आत गेल्या. सुमननं अण्णांच्या हातात कोरा नमुना दिला. तो तिनं आणला होताच. मग तिनं थंड झालेला वडा उचलला, अर्धा मोडला आणि त्यांना भरवला. अण्णा चावत राहिले. परतीच्या रिक्षात बोईसर येईपर्यंत त्यांनी तो कोरा नमुना मांडीवर धरला होता, पण त्यात एकही त्रुटी काढली नाही. 

उतरताना मी त्यांना म्हटलं, "अण्णा, पोरगी तयार झाली. ती छातीवर हात ठेवायची पायरीसुद्धा विसरत नाही."

"कुठली पायरी?"

मी सांगितलं. अण्णा रिक्षाचा दांडा धरून उभे राहिले.

"ती मी नाही शिकवलेली, जाधव. मी तर डोळे मिटून असतो. मला वाटायचं, चादर सारखी करतेय."

पुढचा रविवार आला. दहा वाजले. मी कारकुनाचा चेहरा करून खाली गेलो. अण्णा खाटेवर, चादर हनुवटीपर्यंत. सुमन आली, तळवा त्यांच्या छातीवर ठेवला, थांबली. मग तिनं पहिलं कार्ड काढलंच नाही. पिशवीतून पंधरावं काढलं. नवा पुठ्ठा होता, वर दोनच शब्द, 'हयात आहेत.' ते तिनं चादरीवर, बरोबर काळजाच्या जागी ठेवलं.

अण्णांनी एक डोळा उघडून वाचलं. बराच वेळ वाचलं. मी उगाच खाली बघत राहिलो, पुरती तीन मिनिटं.

दारात पाटी आपटल्याचा आवाज आला. "अण्णा, मेलाव का अजून हायसा?"

"आहे, जमना," चादर बाजूला सारत अण्णा म्हणाले, "हयात आहे. पापलेट दाखव. मोठं दे, आज तिघं जेवणार आहोत."

उदबत्ती तेवढी कुणी विझवली नाही. ती आपली जळत राहिली.