शहाण्या पोरीच्या गोळ्या

संगिता वेडी झाली ही बातमी बंजाऱ्यांच्या तांड्यात पसरली, तेव्हा संगिता पऱ्हाटीत, कपाशीच्या वावरात, उभी राहून मराठीचा अभ्यास करत होती.

सेनगावच्या कॉलेजात ती अकरावीला होती. मराठीच्या सरांनी स्पर्धा लावली होती: वाचलेल्या पुस्तकातलं एक पात्र घ्या, त्याच्या रोजनिशीचं एक पान लिहा आणि वर्गापुढे वाचून दाखवा. संगिताकडे पुस्तक तयार होतं. कव्हर आणि पहिली अकरा पानं गेलेली, कॉलेजातल्या पोरींच्या हातोहात फिरणारी एक कादंबरी. तिची नायिका मंदाकिनी प्रेमभंगाने वेडी होते. केस मोकळे सोडते, वाऱ्याशी बोलते, मधेच गोड हसते, आणि एवढ्या वेडातही तिची साडी कधी चुरगळत नाही. शेवटी नायक येऊन तिला तीन हाका मारतो. तिसऱ्या हाकेला ती बरी होते. संगिताने ती कादंबरी चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा उशी भिजवली होती.

पान लिहून सरांकडे दिलं होतं. आता वाचनाची तयारी चालली होती. वेणी सोडून, हात पसरून ती म्हणत होती, "हसा, हसा मला! मी वेडी नाही, हा वाराच वेडा आहे!" आणि मग गोड हसत होती. हसू मनासारखं जमेना, म्हणून पुन्हा पुन्हा हसत होती.

शेजारची पद्माबाई जळणाला काड्या वेचायला आली होती. पाचवं हसू ऐकल्यावर तिने मोळी तिथंच टाकली आणि तांड्याचा रस्ता धरला.

संगिता घरी आली तर दारात पंधरावीस माणसं. तिचा बाप प्रेमदास डोक्याला हात लावून बसलेला, आणि तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, हिरासिंग बाजेवर.

"बा, काय झालं?"

"तूच सांग बाई, काय होऊन राहिलं तुला?"

"मला काय व्हतंय? मी वेडी न्हाई!"

"बराबर!" पद्माबाई ओरडली. "वावरातबी हेच म्हणून राहिली व्हती."

"काकी, ते मी न्हाई म्हणत. ते मंदाकिनी म्हणते."

"कोण मंदाकिनी?" हिरासिंगने विचारलं.

"पुस्तकातली बाई हाये."

नायकाने मान हलवली. "बाई लागली. पुस्तकातून लागली. आमच्या टायमाला चिंचेवरून लागायची."

त्यानंतर संगिता जे करील ते लक्षणच ठरू लागलं. ओरडली तर झटका आला, गप्प बसली तर बाईने तोंड धरलं, जेवली तर दोघींचं जेवते. डोंगरकडा गावाहून रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते, त्यांचा निरोप आला, "पोरीला आराम पडू द्या, मंग पाहू." संगिताला बारावी करायची होती. ऐकून तिला हसू आलं, आणि तेही पद्माबाईने मोजलं.

"सरांना विचारा ना, बा! सर सांगतील."

प्रेमदास दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेला. सरांनी पान काढलं, चष्मा पुसला आणि भरल्या गळ्याने सांगितलं, "मी पहिला नंबर दिलाय. तीस वर्षं शिकवतोय मी. अनुभवाशिवाय असं लिहिता येत नाही."

प्रेमदास तसाच परतला आणि त्याने जीप ठरवली.

हिंगोलीला दर बुधवारी नांदेडहून मनाच्या आजारांचे एक डॉक्टर येऊन बसायचे. जीपमध्ये प्रेमदास होता, साक्षीला पद्माबाई होती, आणि पोरीचा हात धरायला तिची आई, अनुसयाबाई. तांड्यात आईला याडी म्हणतात. याडीचा हात वाटभर संगिताच्या मनगटावर नुसता ठेवलेला होता; धरलेला नव्हता. संगिताला मात्र सरांचा राग आलेला, त्यात तिला ते जाणवलं नाही.

पद्माबाईला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी तिघांना आत घेतलं. पान वाचलं. संगिताला दहा मिनिटं बोलतं केलं. मग ते प्रेमदासकडे वळले.

"पोरगी ठणठणीत आहे. लिहितेही छान. पुस्तकातल्या वेडाला केस सोडायला, वाऱ्याशी बोलायला सवड असते. खऱ्याला बहुतेक वेळा नसते." त्यांची नजर अनुसयाबाईवर गेली. "या बाई कोण?"

"मालकीण हाये माही. तिची काही तकलीफ न्हाई, सायब. दोन सालात शबूद न्हाई काढला तिनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, झोप लागते का?"

अनुसयाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"न्हाई."

"जेवण?"

"करते की. समद्यांचं करते."

"तुमचं?"

ती हातातली बांगडी फिरवू लागली.

"जगणं नको वाटतं कधी?"

"पाहाटं विहिरीवर जाऊन बसते," ती म्हणाली, कुणा दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तशी. "मंग भाकरी टाकायची येळ होते. येते मंग."

प्रेमदासने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

संगिताच्या मनात एकेक गोष्ट येऊ लागली. तीजेच्या सणाला बायकांच्या पुढे होऊन गाणारी याडी दोन वर्षं 'डोकं दुखतं' म्हणून घरातच बसली होती. दोनदा मीठ पडलेली डाळ, आणि त्यावरून सगळ्यांनी, संगितानेही, तिला बोललेलं. दोघी एकाच वाकळेवर निजायच्या. याडी उठून जायची तेव्हा अंथरूण गार पडायचं. आणि संगिता मंदाकिनीसाठी रडून दमलेली, कूस बदलून झोपायची.

"पण तिला झालं काय?" संगिताने विचारलं. "पुस्तकात तर आधी काहीतरी घडतं..."

"घडावंच लागतं असं नाही, बाळ. शेतात राबणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. आणि भाकरी वेळेवर होते, म्हणून कुणाला दिसत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "तीन-चार आठवडे फरक वाटणार नाही. तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि तोवर पहाटे त्यांना एकटं जाऊ द्यायचं नाही."

घरी आल्यावर याडी चुलीशी बसली. संगिताला कळत होतं की हा वेडेपणा आहे, तरी तिने दारात उभं राहून हाक मारली, "याडी!"

"काय गं?" याडी पहिल्याच हाकेला म्हणाली. बरी मात्र झाली नव्हती. संगिताने उरलेल्या दोन हाका गिळल्या आणि परात पुढे ओढून पीठ मळायला घेतलं.

गोळ्यांची बातमी पद्माबाईने तांड्यात आधीच पोचवली होती. संध्याकाळी प्रेमदास हळूच म्हणाला, "तुह्या याडीचं कळलं तर तिला भगताकडं नेतील, मामालोकं येतील, तमाशा होईल. गोळ्या तुह्याच हायेत म्हणू का?"

संगिताला रडू आलं आणि हसूही. "म्हना, बा. माहं नाव तसंबी झालंच हाये."

अशी ती आपखुशीने वेडी झाली. पाणवठ्यावर बायका तिला पुढे जाऊ देत. नायक तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोले. "गोळ्या घेती का गं?" पद्माबाई रोज विचारायची, आणि संगिता म्हणायची, "व्हय काकी, दोन येळा." आत याडी पाण्याचा घोट घेत असायची. पहाटे दोघी बरोबर उठायच्या. याडी विहिरीकडे बघायची, संगिता याडीकडे. बोलणं फारसं व्हायचं नाही.

दीड महिन्यात याडी ताटातली सगळी भाकर खाऊ लागली. दोन दिवस बरे, एक वाईट, असं चाललं. गोळ्या वाढल्या, मग बदलल्या.

पुढे एकदा पद्माबाई ओट्यावर टेकली आणि नेहमीसारखी विचारती झाली, "काहून गं संगिता, अजून किती दिवस गोळ्या?"

संगिता तोंड उघडणार, तोच अनुसयाबाई हात पुसत बाहेर आली.

"तिच्या न्हाईत त्या," ती म्हणाली. "माह्या हायेत."

आता ही पळत नायकाकडे जाणार, या हिशोबाने संगिताने पद्माबाईच्या पायांकडे पाहिलं. पाय हलले नाहीत. पद्माबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग तिने गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"अनुसया, तो डाक्टर कोन्या वारी येतो गं?"

याडी तिच्या शेजारी बसली.

"बुधवारी," ती म्हणाली. "माह्यासंगं चाल."