पुंडलिककाकांचं निर्णायक मत

आमच्या शेजारच्या पुंडलिककाकांच्या घरी दुपारच्या जेवणाला वांगी करायची की आलू, हे मतदानाने ठरतं. गंमत म्हणून नव्हे, रीतसर. काका ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत बसतात, प्रस्ताव वाचून दाखवतात, 'बाजूने' म्हणतात, हात मोजतात, 'विरोधात' म्हणतात, पुन्हा हात मोजतात. स्वतः मात्र हात वर करत नाहीत, कारण ते सभापती. त्यांना वांगी आवडत नाहीत हे साऱ्या गल्लीला माहीत आहे, पण मी त्यांना कित्येकदा निमूटपणे वांगी खाताना पाहिलंय. "सभागृहाचा निर्णय हाय," म्हणतात आणि घास गिळतात.

काका ग्रामसेवक होते. मेहकर-लोणारच्या खेड्यांमध्ये ग्रामसभा घेण्यात त्यांची उमर गेली. सभेला माणसं जमत नसत. मग गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, सगळ्यांनी चहा प्यायचा आणि थोड्या वेळाने त्याच माणसांची तहकूब सभा घ्यायची, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दुसरा कोणी असता तर या प्रकाराने त्याचा लोकशाहीवरचा विश्वासच उडाला असता. काकांचा उलट वाढला. "रीतसर घ्या ना बाप्पा," हे त्यांचं पालुपद. गल्लीत नळावर भांडण लागलं तरी ते खिडकीतून हेच ओरडतात.

मी विमा एजंट आहे. एकदा त्यांना पॉलिसी समजावून सांगायला गेलो, तर त्यांनी तिची तीन वाचनं करायला लावली. पहिल्या वाचनात नुसतं नाव वाचलं. दुसऱ्यात कलमवार चर्चा झाली. तिसऱ्या वाचनाच्या वेळी सुनांना बाहेर बोलावून ती मताला टाकली आणि माझी पॉलिसी आवाजी मतदानाने पडली. वर मलाच समजावलं, "मनावर घेऊ नका. सरकारंबी पडतात."

बायको गेल्यावर काकांनी घराला घर म्हणणं सोडलं आणि आघाडी म्हणायला लागले. तेही खोटं नव्हतं. थोरला गजानन बाजारात कृषी केंद्र चालवतो, धाकटा संतोष जालन्याला कारखान्यात जातो. दोघं पूर्वी एकाच पक्षाचे. पक्ष फुटला, तसे हे दोघेही फुटले. आता लोकसभेची निवडणूक लागली आणि दोन भाऊ दोन आघाड्यांचा प्रचार करायला लागले. एकाच गच्चीवर दोन झेंडे चढले. काकांनी कोणालाच अडवलं नाही. फक्त टेप घेऊन वर गेले आणि दोन्ही बांबू एका उंचीचे करून आले. शिवाय एक समान किमान कार्यक्रम जाहीर केला. जेवताना उमेदवाराचं नाव काढायचं नाही, आणि कूलरचं तोंड कोणा एकाच्या खोलीकडे ठेवायचं नाही. मी रोज संध्याकाळी तिथे चहाला जातो, तर माझी नोंद त्यांनी 'बाहेरून पाठिंबा' अशी केली. हा पाठिंबा कपभर चहावर टिकून आहे, हे मी नाकारत नाही.

खरं सांगायचं तर या सभांना घरचे कंटाळले होते. मुलगे मोबाइलमध्ये बघत हात वर करायचे. थोरली सून मीना पोळी तव्यावर टाकून यायची आणि प्रस्ताव न ऐकताच मत देऊन परत जायची. मन लावून भाग घ्यायची ती एकटी धाकटी सून, रूपाली. काका बोलायला लागले की ही पदर खोचून उभी राहायची, "मामाजी, हरकतीचा मुद्दा हाय." मग काकांचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका.

डॉक्टरांनी काकांची साखर बंद केली तेव्हा त्यांनी चहात निदान अर्धा चमचा असावी असा ठराव आणला आणि आवाजी मतदानाने घाईघाईत मंजूरही करून टाकला. रूपालीने हरकत घेतली. "मामाजी, आवाज तं एकट्या तुमचाच आला. हात मोजा." हात मोजले. ठराव सपशेल पडला. काका कुंपणापाशी येऊन मला सांगत होते, "पाडला ना पोरीनं मले. काय हुशार हाय." आपण हरलो याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बिनसाखरेचा चहा त्या दिवसापासून मलाही मिळायला लागला, ती गोष्ट वेगळी.

या रूपालीने लग्नाआधी नर्सिंग केलं होतं. ऐन प्रचारात तिला देऊळगाव राजाच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथून संतोषला जालनाही जवळ. म्हणजे दोघांनी तिकडे बिऱ्हाड करायचं. दवाखान्याला सोमवारी उत्तर हवं होतं. रविवारी दुपारी काकांनी सभा बोलावली. मीही होतो, प्रेक्षकांत.

बाहेर प्रचाराची रिक्षा कर्ण्यावरून ओरडत फिरत होती. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत काका थांबले. मग त्यांनी प्रस्ताव वाचला. संतोष आणि रूपालीने देऊळगाव राजाला राहायला जावं.

"बाजूने."

गजाननचा हात वर गेला. "दोन झेंड्यांपायी गिऱ्हाईक तुटून राह्यलं माह्यं," तो म्हणाला. संतोषचाही हात वर गेला. उमेदवारांचे अर्ज भरले तेव्हापासून एकमेकांशी अक्षर न बोललेले भाऊ एका बाजूने मत देत होते. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

"विरोधात."

मीनाने हात वर केला. "ही गेली तं मी घरात बोलू कोणासंग?" ती म्हणाली. आणि तिच्या मागोमाग रूपालीने हात वर केला.

संतोष बायकोकडे बघतच राहिला. "काऊन वं? नौकरी तुही, आन् तूच विरोधात?"

"मले नाई जायचं," ती म्हणाली. काही केल्या ती काकांकडे बघेना.

दोन विरुद्ध दोन. आता निर्णायक मत सभापतींचं. आम्ही सगळे सैलावलो, कारण निकाल सगळ्यांना ठाऊक होता. समसमान मतं पडली तर सभापतीने आहे ते तसंच चालू ठेवायचं, हा नियम काकांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला होता की झोपेत विचारला तरी सांगता आला असता. मीना तर उठून आत निघालीही होती.

काका बराच वेळ रूपालीच्या हाताकडे बघत राहिले. तो अजून वरच होता. मग ते म्हणाले, "सभापतीचं मत बाजूने. प्रस्ताव मंजूर हाय."

रूपाली उभी राहिली. "मामाजी, हरकतीचा मुद्दा हाय. सभापतीले असं नाई करता येत. तुमीच सांगितलं हाय."

"हरकत फेटाळली," काका म्हणाले. आवाज फाटला. खाकरून त्यांनी पुन्हा म्हटलं, "फेटाळली." आणि सभा संपल्याचं न सांगताच ते आत गेले.

माझा असल्या खेळावर कधी विश्वास नव्हता. दिल्लीतल्या लोकसभेवरही फारसा नाही. टीव्हीवर खासदारांची डोकी मोजताना पाहतो तेव्हा मला वाटतं, यात माणूस कुठे आहे? त्या दुपारी ओसरीवर तो होता. रूपालीने हात वर केला तो म्हाताऱ्यासाठी, आणि म्हाताऱ्याने तो ओळखला. त्याने तिचं ऐकलं असतं तर ती जवळ राहिली असती. त्याला तेच हवं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

आठवड्याभरात ते निघाले. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. काका आणि मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो. देऊळगाव राजावरून जाणारी जालन्याची गाडी लागली. रूपाली खिडकीशी बसली. काकांनी खालून तिला बजावलं, "नाव अजून इथंच हाय तुमचं. मतदानाले यायचं दोघायनं."

"येतो ना मामाजी. पन मत मी माह्या मनानं देईन. तुमी सांगसान त्याले नाई."

काका मोठ्याने हसले. सभेनंतर ते प्रथमच हसत होते. गाडी निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि धूळ खाली बसली, तरी ते त्याच दिशेला बघत होते.

"ऐकलं ना कशी बोलते?" ते मला म्हणाले. "हे दोघं पोरं मले भेतात, नाहीतं कंटाळतात. ही एकटीच भांडे माह्यासंग. आता कोण भांडीन?"

ऊन डोक्यावर आलं होतं. काका स्टँडवरच्या बाकावर टेकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग मीही त्यांच्या शेजारी बसलो.