मुख्यालयी राहणारे गुरुजी

शंभुलिंग गुरुजी मळगेवाडीत राहतात, असं तिथली ग्रामसभा गेली अकरा वर्षं दरसाल एकमतानं ठरवत आली होती. गुरुजी स्वतः मात्र उमरग्यात राहत. शाळा ज्या गावात त्या गावात, म्हणजे 'मुख्यालयी', शिक्षकानं राहायचं, ग्रामसभेनं तसा ठराव द्यायचा, मगच पगारात घरभाडं. सरपंच हणमंतप्पा हात वर करत, त्यांच्यामागं गाव हात वर करी, आणि गुरुजी संध्याकाळच्या घंटेबरोबर मोटारसायकलला किक मारून उमरग्याचा रस्ता धरत. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. गुरुजींना तर मुळीच नाही. मूल्यशिक्षणाचा तास ते अगदी मन लावून घेत.

अशात उमरग्यात बायपासजवळ एक फ्लॅट निघाला आणि त्याची गॅलरी शिवप्रियाबाईंच्या मनात भरली. भाड्याच्या दोन खोल्यांत घरमालकिणीचे टोमणे ऐकून बाई विटल्या होत्या. "या महिन्यात घर झालं तर झालं, न्हाय तर मी माहेरी," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. गुरुजींच्या शिलकीत त्या गॅलरीचा कठडासुद्धा आला नसता.

तेवढ्यात शिक्षकांच्या 'गुरुछाया' पतपेढीनं 'गुरुकुटीर योजना' आणली. माणसाला छप्पर मिळो न मिळो, योजनेला नाव मात्र भारदस्त मिळालंच पाहिजे! मुख्यालयी राहणाऱ्या शिक्षकाला कमी व्याजाचं कर्ज, शिवाय घरासाठी आधी भरायची रक्कमही पतपेढीच देणार. पतपेढीच्या सभेत एवढं ऐकून गुरुजी बायकोला फोन करायला बाहेर गेले. पुढच्या अटी वाचून होईपर्यंत ते गॅलरीत झोपाळा टांगत होते. "प्रश्न दोनदा वाचा रे," असं पोरांना रोज बजावणाऱ्या या गृहस्थानं योजना एकदाही वाचली नाही.

अर्ज गेला आणि पतपेढीचा निरोप आला. रविवारी सकाळी पतपेढीचे वीरभद्र साहेब मळगेवाडीतल्या राहत्या घरी पाहणीला येणार. गुरुजी धावत सरपंचांकडं गेले.

"आप्पा, एका सकाळपुरतं घर पायजे."

"घर कशाला? ठराव हाय की."

"साहेबाला ठरावावर बसवू का?"

हणमंतप्पांनी क्षणभर विचार केला. "आमची कडब्याची खोली हाय न्हवं, ती झाडून घेताव. गावालाबी सांगून ठेवताव. तुमी निवांत ऱ्हावा."

इतक्या चटकन मदतीला धावणाऱ्या सरपंचाचा संशय यावा, एवढी अक्कल गुरुजींकडं असती तर काय हवं होतं!

रविवारी कडब्याच्या खोलीत सरपंचांची खाट, सरपंचांची भांडी आणि सरपंचांचंच भिंतीवरचं घड्याळ अशी मांडामांड झाली. ठेवणीतली साडी नेसून शिवप्रियाबाई मधोमध बसल्या आणि कडब्याच्या धुळीनं एकसारख्या शिंकू लागल्या. साहेब आले. बसले. त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी मोठ्या रुबाबात कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत पेंड.

सरपंचांची आई इरम्मा दारातच टपून होती. ती तांब्या घेऊन पुढं झाली. "बर्री साहेब, या की! मास्तरीणबाईला पडसं झालंय बगा, म्हनून पानी मीच भरून देते."

साहेब पाणी पितात न पितात तोच एक शिंगाळं डोकं दारातून आत आलं. कडबा इथंच मिळतो, हे त्या जनावराला कुणाच्याही ठरावाशिवाय माहीत होतं. गुरुजी घाबरून उठले.

"आमचंच हाय साहेब. म्हटलं, दूध घरचं असलेलं बरं."

साहेबांनी त्या जनावराकडं वरून खाली बराच वेळ पाहिलं. तो बैल होता.

मग गावाची साक्ष सुरू झाली. खोटं बोलायचंच तर हात आखडता कशाला, असा मळगेवाडीचा विचार दिसला.

"गुरुजी रातच्याला पोरांची शिकवनी घेत्यात, फुकाट," इरम्मा म्हणाली.

"आमच्या हिला बाळंतपनाला ह्येंनीच मोटारसायकलवर न्हेलं," एक जण म्हणाला.

"तंटा झाला की आमी पोलिसाकडं न्हाय, गुरुजीकडं जाताव," दुसऱ्यानं सांगितलं.

"गुरुजी गेले तर गाव उघडं पडंल साहेब," असं म्हणून हणमंतप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. आणि खरी कमाल पुढंच आहे. ऐकता ऐकता गुरुजींचेही डोळे भरून आले. आपण गावासाठी इतकं केलं, याची त्या भल्या माणसाला कल्पनाच नव्हती.

वीरभद्र साहेबांनी उठून गुरुजींचे दोन्ही हात धरले. "गुरुजी, तुमचं कर्ज मंजूर समजा."

बाईंची शिंक अर्ध्यात थांबली. "म्हंजे फ्लॅट झाला?"

"फ्लॅट कुठला वहिनी? योजना मुख्यालयी राहणाऱ्यांसाठी आहे. घर मुख्यालयीच घ्यायचं. सभेत अटी वाचून दाखवल्या होत्या."

"पण साहेब," गुरुजी चाचरले, "मी मनात उमरगा..."

"उमरग्यात राहता म्हणता? मग अकरा वर्षांच्या घरभाड्याचं वरती विचारावं लागेल. तसं लिहू का?"

"न्हाय न्हाय! मी हितंच राहतो!"

"आन् जागेची काळजी करू नगा," हणमंतप्पांचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते. "हीच खोली देताव, फुडच्या अंगनासकट. भाव साहेबांच्या कानावर घातलाय म्या परवाच."

परवाच! गुरुजींनी एकदा सरपंचांकडं आणि एकदा साहेबांकडं पाहिलं. दोघंही छताचे पत्रे मोजत होते. जागेचा प्लॉट विकला जात नाही म्हणून सरपंच आणि योजनेला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून साहेब, असे दोन अडलेले जीव गुरुजींच्या जिवावर सुटले होते.

"आप्पा, तुमी मला फसवलं," गुरुजी पुटपुटले.

"फसवलं? अकरा वर्सं तुमच्यापायी हात वर करून खोटं बोललाव आमी. आज ते खरं व्हायलंय, तर तुमालाच वाईट वाटायलंय व्हय?"

गुरुजींनी आशेनं बायकोकडं पाहिलं. आता ही कडाडेल, सरपंचाला फैलावर घेईल, साहेबाला सुनावेल. पण शिवप्रियाबाईंनी शांतपणे पिशवी उचलली.

"अहो, तुम्ही ऱ्हावा हितं. गाव उघडं पडंल न्हाय तर. मी येत जाईन रविवारचं, पाहुणी म्हणून."

दारात साहेबांची गाडी उभी होती. साहेबांनी अदबीनं मागचं दार उघडलं.

"वहिनी, कुठं सोडू?"

"घरी," बाई म्हणाल्या आणि आत बसल्या.

साहेबांनी पत्ता विचारला नाही. गाडी सरळ उमरग्याच्या रस्त्याला लागली. गुरुजी तिच्यामागं चार पावलं धावले, मग धुरळ्यात उभे राहिले. परत आले तर खोलीत बैल कडबा शोधत होता, आणि इरम्मा बाहेरून ओरडून सांगत होती की त्याला पाणीबी दावा म्हणून.