पाहुणा गेला, यजमान सुखरूप

एकोणीसशे नव्व्याण्णव साली आमच्या आळीत संगणक चालू करून पुन्हा नीट बंद करता येणारी मी एकटीच बाई होते. साताऱ्याजवळचं आमचं गाव. तिथं लोक टीव्हीच्या बटणाला हात लावायचा तरी आधी हात पुसत. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. गावाच्या दोन पिढ्यांना वळण लावलेल्या बाईला एका डबड्याची काय भीती!

संगणक घेतला होता आमच्या यजमानांच्या आठवणींसाठी. सुभेदार मानसिंगराव खाटेवर पडून सांगत आणि मी टंकत असे. नाव 'माझी पलटण'. दसऱ्याला त्यांचे पलटणीतले सोबती जमणार होते, तेव्हा ते वाचून दाखवायचं ठरलं होतं. हाताने लिहिलेली प्रत नव्हतीच. जे होतं ते त्या डबड्यात.

सून संयोगिता सांगलीच्या कॉलेजात संगणक शिकवायची. सुट्टीला आली आणि तिनं त्यात लिनक्स घालायला घेतलं.

"आत्याबाई, हे जगभरच्या माणसांनी मिळून केलंय. फुकट. कुणीही उघडून बघावं, सुधारावं."

"म्हणजे सावड की," मी म्हटलं. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या रानात.

"तसंच. आणि आपलं विंडोज जात नाही. ते यजमान. त्याच्या पोटात मी एक खोटा संगणक केलाय, त्यात लिनक्स पाहुणा म्हणून राहणार. पाहुण्याला वाटतं सगळं घर आपलंच. पण त्याला यजमानाचं माजघर दिसतसुद्धा नाही."

मी बघतच राहिले. त्या खोट्या संगणकानं खऱ्यासारखी स्वतःची मेमरी मोजली, स्वतःची डिस्क शोधली. पेरू कापावा आणि आत अख्खी बाग निघावी, तसं ते होतं.

एसटीची वेळ झाली. "उरलेलं शनिवारी करू," म्हणून संयोगिता सांगलीला गेली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? पडद्यावर लिनक्सचा गुबगुबीत पेंग्विन बसला होता आणि खाली इंग्रजीत प्रश्न होता, डिस्कवरचं सगळं पुसू का? पाहुणा यायचा तर घर पुसायलाच हवं. मी 'हो' केलं.

पडदाभर काळी पाटी पसरली, तिच्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. माऊस कितीही फिरवला तरी बाण कुठं दिसेना. तेव्हा कुठं 'पुसू का'चा खरा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

यजमान आत आले. "माझी पलटण कुठाय?"

"पुसली बहुतेक."

पासष्ट आणि एकाहत्तरच्या दोन्ही लढायांत न हललेला माणूस मटकन खाली बसला. "शत्रूला जमलं न्हाई, ते तू बसल्या जागी केलंस," एवढंच म्हणाले आणि डोक्याला हात लावला.

आळीत फोन एकच, शेजारच्या तानुबाईंकडं. तिथून मी कॉलेजात निरोप ठेवून आले. थोड्या वेळानं तानुबाई डोळ्यांना पदर लावून दारात.

"वैनी, सूनबाईचा फोन आलता. पाव्हणा गेला म्हणली. यजमान सुखरूप हायत. कंट्रोल करा, आन आलं दाबा."

"आलं?"

"च्यात घालायचं असंल. दुःखात घशाला बरं." त्यांनी आल्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

त्यांच्या मागं अख्खी आळी! हरणाबाईंनी तर रीतीप्रमाणं पिठलंभाकरीची बुट्टीच आणली होती. आळीतला गुंडा टोपी काढून यजमानांजवळ टेकला.

"पाव्हणं कुठलं वो? पलूसचं का आटपाडीचं?"

यजमानांनी मान वर केली नाही. "सगळं गेलं गड्या. इकाहत्तर बी गेलं."

"इकाहत्तर म्हंजे वय झालंच हुतं की," गुंडानं समजूत घातली. "बांबू आणू का?"

मी हातातल्या आल्याकडं बघत उभी होते. आलं दाबा. कंट्रोल. आलं. आल्ट! धावत जाऊन मी कंट्रोल आणि आल्ट ही दोन्ही बटणं एकदम दाबली. काळी पाटी आक्रसून एवढीशी खिडकी झाली आणि तिच्यामागं आमचं विंडोज, जसंच्या तसं. 'माझी पलटण' उघडली. एक स्वल्पविरामही हलला नव्हता. पाहुण्यानं अख्खं घर धुऊन काढलं आणि यजमानाच्या फडताळातली वाटीसुद्धा वाजली नाही. हात जोडावेसे वाटले मला.

"यजमान सुखरूप आहेत!" मी ओरडले.

"ते दिसत्यातच की," हरणाबाई म्हणाल्या.

खरा प्रकार सांगितला तेव्हा लोक पायताणं शोधू लागले. पण यजमान उठून दारात उभे राहिले होते. "आलाच हायसा तर बसा," ते म्हणाले आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मयताला आलेलं माणूस लगेच कसं उठणार? यजमान जन्मापासून भरतीच्या रांगेपर्यंत पोचले, तोवर पिठलं थंडगार झालं होतं.

तानुबाई हळूच माझ्या कानाशी आल्या.

"वैनी, ते पुसायचं बटन कुठलं वो?"

खोटं कशाला सांगू, मी बोट दाखवलं. पण त्यानं पुसलं जातं ते पाहुण्याचंच. यजमान सुखरूपच राहतात.