गिटारमागची भुणभुण

माणसाच्या चारित्र्याची खरी कसोटी त्याच्या ॲम्प्लिफायरच्या बटणांवर लागते, असे चष्मेवाल्याचे ठाम मत होते. त्याच्या घरात हे मत आणखी कोणाचे नव्हते.

दिवसभर तो दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत असे आणि संध्याकाळी गिटार घेऊन बायकोच्या कानांपुढे बसत असे. बँडसाठी त्याच्याकडे कपाटाएवढा ॲम्प्लिफायर होता, सगळी बटणे सातवर. चर्चसाठी बिस्किटांच्या डब्याएवढा: आवाज दोन, खर्ज तीन. हे आकडे वहीत लिहून ठेवलेले होते.

"आता बरं वाटतंय, की मघाशी?"

"मघाशी."

"मघाशी तर बंद होता!"

"तेच म्हणतेय," बायको म्हणे.

चर्चमध्ये ऑर्गनवर सासूबाई बसत. तीस वर्षे, डोळे मिटून. गाण्याचा नंबर सांगण्यासाठी तोंडासमोर एक माइक असे. दोन वर्षांपूर्वी जावयाची गिटार शेजारी आली आणि तिच्यामागोमाग एक भुणभुण आली. गिटार सुरू झाली की स्पीकरमधून ती सुरू होई, गिटार थांबली की थांबे. पहिली तक्रार सासूबाईंचीच.

"जावईबापू, तुमचं ते यंत्र अगदी माझ्या कानाशी येऊन भुणभुणतं. भुंगा मेला!"

हळूहळू ती साऱ्या मंडळीला ऐकू येऊ लागली. शेवटी पाळकांनी त्याला बाजूला घेतले. पाळक इतके सौम्य होते की रागावले तरी समोरच्याला आशीर्वाद मिळाल्यासारखे वाटे.

"तीन रविवार देतो. भुणभुण गेली नाही, तर गिटार बंद."

चष्मेवाल्याला हे परवडणारे नव्हते. बँडपुढे लोक जेवत, नाचत, एकमेकांची उणीदुणी काढत. गिटार ऐकली जाई ती फक्त चर्चमध्ये.

पहिल्या रविवारी त्याने वायर बदलली. भुणभुण होती. दुसऱ्या रविवारी ॲम्प्लिफायर लाकडी स्टुलावर चढवला, भिंतीकडे तोंड करून त्यावर गोधडी पांघरली. पाळकांनी हळूच विचारले, "बरं नाही का त्याला?" भुणभुण ठणठणीत होती.

काळजीने त्याचे आकडेही चुकू लागले. बँडच्या तालमीत त्याने मोठ्या ॲम्प्लिफायरचे बटण दोनवर ठेवले.

"अरे, तुझी गिटार उपासाला बसलीय का?" ड्रमर ओरडला. ड्रमर पोटापाण्यासाठी प्लंबर होता. सारे रडगाणे ऐकून त्याने व्यावसायिक सल्ला दिला. "भुणभुण म्हणजे गळती. एकेक नळ बंद करत जा. जो बंद करता येत नाही, तिथंच लोच्या."

तिसऱ्या रविवारी ड्रमरनेच आपल्या टेम्पोतून चष्मेवाल्याला चर्चपाशी आणले. चष्मेवाला गिटार घेऊन उतरतो न उतरतो तोच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाणी शिरल्याचा फोन आला आणि ड्रमर सुसाट निघून गेला. ॲम्प्लिफायर टेम्पोतच राहिला.

आता परत फिरणे शक्य नव्हते. त्याने वायरचे एक टोक गिटारला लावले, दुसरे सतरंजीखाली सारले आणि चेहरा गंभीर करून वाजवू लागला. विजेवाचून ती गिटार जेमतेम त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोहोचत होती.

आणि चर्चच्या स्पीकरमधून भुणभुण आली. भरभरून.

त्याने मान वळवली. सासूबाईंचे डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, हनुवटी किंचित वर. माइक तोंडापासून चार बोटांवर. गिटारची प्रत्येक फिरत त्या मनापासून गुणगुणत होत्या, अर्धा सूर खाली.

तो थांबला, त्या थांबल्या. तो वाजवू लागला, त्या गुणगुणू लागल्या. भिंगे तपासावीत तसे त्याने तीनदा तपासले. नंबर बरोबर होता.

प्रार्थना संपल्यावर पाळक जवळ आले. "आजही होतीच," ते खेदाने म्हणाले.

सत्य चष्मेवाल्याच्या जिभेच्या टोकावर आले. एका वाक्यात गिटार वाचणार होती. तेवढ्यात सासूबाई मध्ये पडल्या.

"पाळकसाहेब, अजून एक रविवार द्या बाई. यंत्र टाकाऊ आहे, पण माणूस वाजवतो गोड. वाजवायला लागला की मला माझं भानच राहत नाही."

दोन वर्षांत सासूबाईंनी त्याला गोड म्हटल्याची ही पहिलीच वेळ. चष्मेवाल्याने सत्य गिळले.

"दोष माझ्याकडचाच आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी राहणार नाही."

पुढच्या रविवारी तो अर्धा तास आधी गेला. ऑर्गनपाशी दोन मिनिटे खुडबुडला. त्या दिवशी चर्चभर गिटार ऐकू आली, ऑर्गन ऐकू आला, मंडळीचे गाणे ऐकू आले. भुणभुण फक्त चष्मेवाल्याला ऐकू आली, डाव्या बाजूने, आणि तो तिच्यासाठी दोन ओळी जास्त वाजवून गेला.

पाळकांनी हात हातात घेतला. सासूबाईंनी विजयाने पदर सावरला.

"बघा! घेतलंत ना शेवटी नवीन यंत्र? माझ्या कानांना लगेच कळतं."

"तुमच्यापासून काय लपणार?" जावई म्हणाला.

बायकोने बिस्किटाच्या डब्याएवढ्या त्या ॲम्प्लिफायरकडे पाहिले, त्यावरचा जुना ओरखडा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याची गिटार स्वतः उचलून घेतली.

घरी येऊन चष्मेवाल्याने वही काढली आणि नोंद दुरुस्त केली. चर्च: आवाज दोन, खर्ज तीन, सासूबाईंचा माइक दीड वीत उजवीकडे.