एकाच स्पेलिंगच्या दोन पाट्या

आमच्या प्रसूती रुग्णालयात माझ्या हाताखालून चुकीचा शब्द बाहेर जात नाही, असं मी छाती पुढे काढून सांगत असे. म्हणून डिसेंबरात दोन पाट्या रंगवून घ्यायचं काम निघालं, तेव्हा मी त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. डावीकडे बाळंतपणाच्या खोल्या, त्या दारावर 'नेटल'. उजवीकडे सभागृह, तिथे 'नाताळ'. पेंटरला मी दोन्ही चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिल्या. इंग्रजीत लिहिलं की कारकुनाचा साहेब होतो.

संध्याकाळी पेंटरचा फोन आला. "साहेब, दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच स्पेलिंग आहे. एन-ए-टी-ए-एल."

"अहो, एक नेटल, एक नाताळ. त्यात काय विचारायचं?"

"पण कुठली कुठे?"

"एक डावीकडे, एक उजवीकडे," असं म्हणून मी मोठ्या समाधानाने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विश्वस्तांच्या पासष्ट वर्षांच्या पत्नी केक घेऊन 'नाताळ' लिहिलेल्या दारातून आत गेल्या. ते दार डावीकडचं होतं. नव्या नर्सने मान वर न करताच विचारलं, "कळा किती मिनिटांनी येतायत?"

मी त्यांना सोडवायला धावलो, तोच उजवीकडून किंकाळी आली. एक बाई 'नेटल' वाचून नवऱ्याच्या आधाराने थेट सभागृहात शिरली होती. आत फुगे, कागदी चांदण्या आणि आठ नर्सेसची गाण्याची तालीम. नवरा बिचकून म्हणाला, "एवढ्या सगळ्यांसमोर?"

मेट्रन स्टुलावर चढून चांदण्या बांधत होत्या. त्या खाली उतरल्या, बाईचा हात हातात घेतला आणि एका नजरेत ओळखलं. "स्ट्रेचरला वेळ नाही. टेबल रिकामं करा. खिडकीचा पडदा काढून इथे धरा. आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "बाहेर उभे राहा. काही लिहू नका."

वीस मिनिटांनी बाळ रडलं. बारा वर्षं मी जन्माच्या नोंदी लिहितोय, पण पहिलं रडणं इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. मेट्रन बाहेर आल्या त्या नुकता चहा गाळून आल्यासारख्या. केसांत एक चांदणी अडकलेली.

तेवढ्यात पेंटर पैसे घ्यायला आला आणि मी त्याला फैलावर घेतलं.

"त्यांना कशाला बोलता?" मेट्रन म्हणाल्या. "शब्द मुळात एकच आहे. लॅटिनमध्ये 'नातालिस' म्हणजे जन्माचा. त्याचं पोर्तुगीजांनी 'नाताल' केलं, आपण नाताळ. येशूचा जन्मदिवस. आपला नेटलही त्याच घरातला. आज दोन्ही पाट्या खऱ्याच ठरल्या."

पेंटरने हात जोडले. मीही जोडले.

"मॅडम, तुम्ही लॅटिन कुठे शिकलात?"

"शिकतेय कुठली. दोन शब्द इतके सारखे का, असं मनात आलं, म्हणून शब्दकोशात पाहिलं."

"आपल्याकडे शब्दकोश आहे?"

"आहे की. तुमच्या टेबलाखाली. तुम्ही रोज पाय ठेवून बसता तो."